अंतराळातील वीजकण आणि माणसाने सोडलेल्या लहरी

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शास्त्र शिकलो ते शाळेत नव्हे, पुस्तके मागून आणून. परंतु ज्या गोष्टीचे बरेवाईट सर्वांना भोगावे लागते, तिची चौकशी करण्याचा हक्कही सर्वांना आहे.

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या टेलिफोनवर कान लावून बसलेल्या जर्मनांना मधूनच शिट्टीसारखे उतरते सूर ऐकू येत. बार्कहाउझेन यांनी १९१९ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. हे सूर म्हणजे आकाशातील विजेपासून निघून पृथ्वीच्या चुंबकरेषांवरून अंतराळात फिरून येणाऱ्या रेडिओलहरी होत, हे स्टोरी यांनी १९५३ साली दाखविले. १९५८ साली व्हॅन अ‍ॅलन यांना त्याच अंतराळात अडकून पडलेल्या वेगवान वीजकणांचा पट्टा सापडला.

पुढे ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात जॉन्स्टन बेटाच्या वर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर हायड्रोजन बाँब फोडला. दूरच्या हवाई बेटांत रस्त्यावरचे काही दिवे गेले. असंख्य नवे इलेक्ट्रॉन अंतराळात अडकले. दुसऱ्याच दिवशी सुटलेला ‘टेलस्टार’ काही महिन्यांत मुका झाला. ब्रिटनच्या ‘एरियल’लाही इजा झाली. बाँब एकाचा, भुर्दंड शेजाऱ्याला!

हे कण खाली आणता येतील काय? इलेक्ट्रॉन चुंबकरेषेभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण हेलपाटे घालतो. टोकाला चुंबकीय क्षेत्र दाट होते, तेथून तो परततो. रेडिओलहरीचा ताल त्याच्या गिरकीशी जुळला की त्याचा रेषेशी असलेला कोन बदलतो. कोन फार लहान झाला, तर तो परतत नाही. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच्या हवेत शिरून आपली शक्ती गमावतो.

स्टॅनफर्डच्या हेलिवेल यांच्या मंडळींनी १९७३ पासून अंटार्क्टिकावरील सायपल तळावर, बर्फावर २१ किलोमीटर तार पसरून अशा लहरी सोडल्या. रेषेच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील रोबर्व्हाल येथे, त्या वाढून ऐकू आल्या. १९८२ साली, पाणबुड्यांना संदेश देणारे अमेरिकन नौदलाचे प्रक्षेपक चालू-बंद होत तसतसे इलेक्ट्रॉन गळताना उपग्रहाने टिपले. २०१९ साली तर ८० मीटर लांबीचा अँटेना घेऊन एक उपग्रहच वर गेला.

झाडू तयार होत आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु झाडू आहे म्हणून अंगणात घाण करावी, असे कोणी म्हणू नये. अंतराळातील अणुस्फोट थांबले ते लहरींनी नव्हे. जगभर लोकांनी आवाज उठविला आणि १९६३ साली मॉस्कोत करार झाला म्हणून. तो करार राखणे हे शास्त्रज्ञांइतकेच तुमचे आमचेही काम आहे.