ठोकलेली गाडी की जास्त धावलेली गाडी?
जुनी मोटार घेताना किमतीपेक्षा इतिहास महत्त्वाचा

वाशीम : सोयाबीनचे पैसे हाती आले की जिल्ह्यात जुन्या मोटारींच्या चौकशीला वेग येतो. अशा वेळी ग्राहकापुढे बहुधा दोन पर्याय येतात. एक गाडी तीन-चार वर्षांची, कमी धावलेली, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. परंतु मोठ्या अपघातानंतर पुन्हा उभी केलेली. दुसरी सात-आठ वर्षांची, दीड लाख किलोमीटर धावलेली. मात्र कधीही न ठोकलेली. आकड्याकडे पाहून पहिलीचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि, निर्णयापूर्वी काही बाबी समजून घेणे अगत्याचे ठरते.

'टोटल लॉस' म्हणजे काय?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा व्यवहारात ती गाडी 'टोटल लॉस' मानण्याची पद्धत आहे. मूल्य चार लाख असेल, तर ही मर्यादा तीन लाखांची. अशी गाडी पुढे भंगाराच्या भावाने विकली जाते आणि अनेकदा कमी खर्चात दुरुस्त होऊन बाजारात परतते. अमेरिकेतील राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तसा शेरा मारण्याची पद्धत रूढ आहे. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र असा शेरा नसतो. वाहन कायमचे निकामी झाल्यास १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे. परंतु दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचा पूर्वेतिहास शोधण्याचा भार प्रत्यक्षात खरेदीदारावरच पडतो.

धोका कोठे?

आधुनिक मोटारीचा पुढील व मागील भाग धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी विशिष्ट पद्धतीने दुमडेल असा घडविलेला असतो. एकदा चेपलेला सांगाडा ओढून सरळ करता येतो, पण त्याचे मूळ बळ परत येईलच याची शाश्वती नसते. एअरबॅग एकदा उघडली की नवीनच बसवावी लागते. खर्च वाचविण्यासाठी ती न बसविता केवळ इशारा दिवा बंद केल्याचे प्रकारही घडतात. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. अशा वेगात कच्च्या सांगाड्याची गाडी म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळच.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. वायरिंगमध्ये शिरलेल्या पाण्याचे दुष्परिणाम काही महिन्यांनी दिसू लागतात. मॅटखालील गाळ, आसनाच्या पट्ट्यांवरील गंज व कुबट वास या त्याच्या खुणा होत.

जास्त रनिंग म्हणजे वाईट गाडी नव्हे

आठ वर्षांत दीड लाख किलोमीटर म्हणजे वर्षाला सुमारे १९ हजार. त्यातील बराच प्रवास अकोला-वाशीम-हिंगोली अशा महामार्गावर एकसारख्या वेगाने झाला असल्यास इंजिनाची झीज शहरातील थांबत-थांबत चालण्यापेक्षा कमी होते. क्लच, शॉक अॅब्सॉर्बर, बुश, टायमिंग बेल्ट, डिझेल गाडीतील इंजेक्टर व टर्बो यांचा खर्च अपेक्षित धरावा. हे भाग झिजतात आणि बदलता येतात. खर्चाचा अंदाज गॅरेजमधून आधीच मिळतो. सांगाड्यातील दोष मात्र प्रसंग आल्याखेरीज कळत नाही.

खरेदीपूर्वी हे पाहा

- मागील विमा पॉलिसीवरील 'नो क्लेम बोनस' : दावा नसल्यास तो २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. जुन्या गाडीवर तो शून्य असेल, तर कारण विचारावे. पॉलिसी खंडित झाल्यानेही बोनस जातो. उलट, बोनस संरक्षणाचे जादा कवच असल्यास दाव्यानंतरही तो टिकू शकतो.
- चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रे चोरीच्या गाडीला जोडण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.
- बॉनेट व दरवाज्यांच्या फटी दोन्ही बाजूंना समान आहेत का, बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, हे दिवसाउजेडी पाहावे.
- सर्व्हिसच्या नोंदींतील किलोमीटर मीटरशी जुळवावेत. पेडलचे रबर झिजलेले आणि मीटर मात्र ४० हजारांवर, असे असल्यास सावध व्हावे.
- कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. नमुना २९ व ३० भरून नोंदणी त्वरित नावावर करून घ्यावी. विमाही स्वतःच्या नावे करावा; जुन्या मालकाचा बोनस नव्या मालकास मिळत नाही.

निवड कशी करावी?

दोन्ही गाड्यांच्या किमतीत पुढील दोन वर्षांचा अपेक्षित खर्च मिळवून तुलना करावी. केवळ बंपर, दिवे वा दरवाजा बदललेली, सर्व बिले उपलब्ध असलेली गाडी घेण्यास हरकत नाही. सांगाडा वाकलेला, एअरबॅग उघडलेल्या किंवा पाण्यात बुडालेली गाडी मात्र कितीही स्वस्त असली तरी टाळावी. तिच्या तुलनेत नियमित निगा राखलेली, जास्त धावलेली गाडीच सुरक्षित. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेऊन त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये हे या व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ठरू शकतात.