ज्याचे रक्त त्यालाच

पोटातून जाणारी महारोहिणी ही आपल्या देहातील रक्ताची राजवाट. तिची भिंत दुबळी होऊन फुगली, की ती फुटण्यापूर्वी तेवढा भाग बदलावा लागतो. पॅरिसचे शल्यविशारद शार्ल द्यूबोस्त यांनी १९५१ साली फुगलेला भाग काढून तेथे मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा जोडला आणि एका असाध्य दुखण्याला उपाय सापडला. मात्र अशा शस्त्रक्रियेत रक्त थेंबांनी नव्हे, लिटरच्या मापाने जाऊ शकते. ते आणावयाचे कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने होते. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून असे दाखविले, की बाहेर काढलेले रक्त पिचकारीने त्याच प्राण्याच्या शिरेत परत घालता येते. एडिंबरोच्या जॉन डंकन यांनी १८८६ साली एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाय कापताना सांडलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट मिसळून त्यांनी ते रोग्याला परत दिले होते. १९१४ साली जर्मनीत योहान्नेस थीस यांनी, गर्भाशयाबाहेरील गर्भ फुटून पोटात साचलेले रक्त गाळून त्याच स्त्रियांच्या शिरांत सोडले.

मग ही युक्ति मागे का पडली? कारण सोय झाली. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट उलगडले होते. सायट्रेटमुळे रक्त साठविता येऊ लागले. १९३७ साली शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी रक्तपेढी उघडली. बाटली कपाटात तयार असता सांडलेले कोण टिपणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे झाले खरे. पण तो वळसा तेव्हा सुखाचा होता.

व्हिएतनामच्या युद्धात जखमींच्या रक्तस्रावाने जुनी आठवण जागी केली. अमेरिकन लष्करी शल्यविशारद जेराल्ड क्लेबानॉफ यांनी १९७० साली रक्त शोषून, गाळून परत देणारे यंत्र पुढे आणले. परंतु त्यातून हवेचा बुडबुडा शिरेत जाण्याचे भय होते, आणि रक्त न धुताच परत जात असे. त्या दशकाच्या मध्यास नवे यंत्र आले. दुधातून साय वेगळी करावी तसे ते भांडे वेगाने फिरवून जड तांबड्या पेशी निराळ्या काढते, मिठाच्या पाण्याने धुते, आणि मग परत देते. पुढे १९८० नंतर एड्सची लागण परक्या रक्तातून होते असे कळले, तेव्हा या यंत्राचे मोल आणखी वाढले.

आपल्याला तर हे मोल विशेष जाणवावे. मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगापुढे मांडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट इतका विरळा, की त्याच्या रोग्याला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. अशा माणसाचा शस्त्रक्रियेच्या मेजावरचा अगदी जवळचा दाता तो स्वतःच.

मर्यादाही आहेत. धुताना रक्तद्रव आणि रक्त गोठविणारी द्रव्ये निघून जातात. फार रक्त गेले तर ती बाहेरून द्यावीच लागतात. आतड्यातील घाण मिसळलेले रक्त सहसा वापरीत नाहीत. म्हणून रक्तदात्याचे ऋण फिटलेले नाही. एवढेच, की त्याने दिलेली बाटली ज्याला दुसरा आधारच नाही अशा कोणासाठी तरी शिल्लक राहते.