शाळेचा जिना कुठे तुटतो? मुंबईतल्या शिक्षणाची रचना आणि तिचा इतिहास

माहीमचा दर्गा मागे टाकून दादरकडे चालत निघालं की अर्ध्या तासाच्या आत शिवाजी पार्क येतं. एवढ्याशा टापूत तीन तऱ्हेच्या शाळा आहेत. मराठी माध्यमासाठी ओळखलं जाणारं, १९४० साली सुरू झालेलं बालमोहन विद्यामंदिर. आयसीएसई बोर्डाची बॉम्बे स्कॉटिश. आणि माहीमच्या बाजूला पालिकेचे उर्दू वर्ग, जिथे फी नाही आणि पुस्तकंही मोफत. तिन्ही ठिकाणची मुलं संध्याकाळी एकाच मैदानात क्रिकेट खेळतात. पण त्यांचे शाळेचे जिने वेगळे आहेत, आणि त्यातल्या एका जिन्याला मधल्या पायऱ्या कमी आहेत. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये पालक आम्हाला विचारतात, "टीचर, बच्चे को आगे कहां डालूं?" हा प्रश्न पडतो कारण पुढची पायरी त्याच इमारतीत नसते. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांच्या आधी मुलं पंतोजींच्या शाळेत किंवा मक्तबमध्ये शिकत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आजच्या रचनेचा पाया घातला. सगळ्या शाळा सरकारने चालवायच्या नाहीत. खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात, सरकारने त्यांना अनुदान द्यावं, असं त्यात ठरलं. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. म्हणजे वरचं टोक तयार झालं, पण खालून तिथवर पोचायचं ते संस्थांच्या शाळांमधून. ज्या समाजाकडे संस्था, त्याच्याकडे हायस्कूल. बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, ती हे ओळखूनच, असं आम्हाला वाटतं. दादर-गिरगावात मराठी समाजानेही अशाच संस्था काढल्या.

प्राथमिक शिक्षणाचं मात्र वेगळं झालं. १९०७ पासून शहरातल्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पालिकेकडे आली. सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेव्हा जोरात होती. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात ती लागू केली होती. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, ते नामंजूर झालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणलं. (मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग त्यांनी १९०६ मध्येच काढलं होतं, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.) विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा कायदा मुंबई शहराला लागू नव्हता, म्हणून शहरासाठी १९२० चा वेगळा कायदा आला. त्या कायद्याखाली मुंबईत सक्ती पहिल्यांदा लागू झाली ती १९२५ मध्ये, एफ आणि जी वॉर्डांत. परळ, दादर, माहीम, वरळी हा गिरणगावाचा आणि त्याच्या शेजारचा भाग. शिवाजी पार्कचं मैदान लोकांसाठी खुलं झालं तेही १९२५ मध्येच. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, आजचं नाव १९२७ मध्ये मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. पालिकेवर जबाबदारी आली ती प्राथमिकची. महाराष्ट्रात बरीच वर्षं पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी अशी मांडणी होती, म्हणून पालिकेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवीला संपायची. त्यापुढचं हायस्कूल संस्थांचं. पालिकेच्या माध्यमिक शाळाही आहेत, पण प्राथमिकच्या मानाने कमी. मराठी माध्यमाच्या मुलाला चार गल्ल्या सोडून अनुदानित हायस्कूल मिळायचं, उर्दूच्या मुलाला बस किंवा लोकल पकडावी लागायची. मुलगी असली की घरात लगेच "अब बस" सुरू. मुलगी अभ्यासात कच्ची होती म्हणून नाही, शाळा लांब होती म्हणून ती घरी बसली, हे आम्ही वर्गात पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती, किंवा मधेच शाळा सोडून बसली होती. मदरशांत शिकणारी मुलं सुमारे ३ टक्केच होती. म्हणजे चर्चा मदरशांची होते, आणि मुलं गळतात ती साध्या शाळेतून.

आजची रचना अशी: पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, नववी-दहावी माध्यमिक, अकरावी-बारावी उच्च माध्यमिक. १०+२+३ चा आकृतिबंध आल्यावर राज्यात दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला असायची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात ५+३+३+४ अशी मांडणी आहे, आणि त्यात वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची अंगणवाडी-बालवाडी धरली आहे. नावं बदलतील, पण आठवीनंतरची आणि दहावीनंतरची उडी मुलाला मारावीच लागेल.

आठवीपर्यंतच्या उडीसाठी १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा हाताशी ठेवा. शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग नसतील तर मुलाला दुसऱ्या सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. त्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मधेच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं असतं आणि वय १४ च्या पुढे गेलं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत असतं. खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत मिळत नाहीत, तिथे अर्ज भरून वेळ घालवू नका.

दहावीनंतरची उडी भाषेची आहे. उर्दूतून शिकलेलं मूल अकरावी सायन्सला जातं आणि अचानक सगळं इंग्रजीत. त्याची तयारी आठवीपासून करावी. विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत पाठ असाव्यात. मराठीकडेही दुर्लक्ष नको. उर्दू माध्यमाची मुलं नववी-दहावीला 'अक्षरभारती' नुसती मार्कांपुरती वाचतात, आणि पुढे सरकारी अर्ज, स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती सगळीकडे तीच मराठी आडवी येते. अकरावीचा अर्ज भरताना अल्पसंख्याक महाविद्यालयांतला ५० टक्के कोटा बघा. आयटीआय आणि तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा दहावीवरच मिळतो.

शाळा सुटून दोन-चार वर्षं झाली असतील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. आमच्याकडे एक अम्मी मुलाचा फॉर्म घ्यायला आली होती. जाताना तिने विचारलं, मीही भरू शकते का? आम्ही दुसरा फॉर्म काढून दिला.