आयरिस: आधी दोर, मग फूल

आज कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरच्या रानटी आयरिसबद्दल. बागवाल्यांच्या गोष्टीत याची सुरुवात डेव्हिड डग्लसपासून होते. हा स्कॉटिश वनस्पती-संग्राहक १८३० साली माँटेरेला उतरला आणि पुढे एका जातीला त्याचंच नाव मिळालं. पण इंजिनिअर म्हणून सांगतो, पहिला कमिट त्याचा नव्हेच! युरोक, हुपा लोक या पानांचा दोर वळत होते. आपल्याकडे अंबाडीचा वळतात तसाच, पण इथे एका पानातून धागे निघतात दोन, दोन्ही कडांचे. बस्स. त्यातून हरणाचे फास आणि मासेमारीची जाळी! किती पानं सोलली असतील, विचार करा.

संकर म्हणाल तर तो रानातच चालू होता. ली लेन्झ यांनी १९५९ साली तो सविस्तर मांडला. या गटातल्या जातींत गुणसूत्रं ४०च, त्यामुळे त्या आपसांत सहज मिसळतात. बर्कलीचे ग्रंथपाल सिडनी मिचेल यांनी तेच बागेत केलं. बागेसाठी निवड झाली ती रंगांची, पाकळ्यांच्या झालरीची. धाग्याची नाही.

बे एरियातल्या श्रोत्यांनो, लावायचंच तर पहिल्या पावसानंतर लावा. भर उन्हाळ्यात तापल्या मातीत पाणी घातलंत, तर कंद कुजतो.