न घेतलेल्या लाभांशाचा इतिहास : सरकार वारस की विश्वस्त?

१ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी' या खटल्याचा निकाल दिला. वादातली रक्कम होती २६,४६१ डॉलर ६५ सेंट. सन ऑइल या तेलकंपनीकडून सुमारे १,७३० लोकांना किरकोळ रकमा येणे होत्या. सात वर्षांपासून चाळीस वर्षांपर्यंत त्या पडून होत्या. ज्यांचे पैसे ती माणसे आली नाहीत. आली ती राज्ये. टेक्सास म्हणे, या देण्यांच्या नोंदी आमच्याकडच्या कचेरीच्या वह्यांत आहेत. न्यू जर्सी म्हणे, कंपनीची नोंदणी आमच्याकडे आहे. पेनसिल्व्हेनिया म्हणे, मुख्य कचेरी आमच्याकडे आहे. फ्लॉरिडाने मागाहून येऊन सांगितले की, यांपैकी काही जणांचा कंपनीच्या वहीतला शेवटचा पत्ता आमच्या राज्यातला आहे, तेव्हा त्यांचे पैसे आम्हाला द्या.

न्यायालयाने फ्लॉरिडाचे म्हणणे मान्य केले. ज्या राज्यात धनकोचा शेवटचा नोंदलेला पत्ता, ते राज्य त्या पैशाचे हक्कदार. पत्ताच नसेल तर कंपनीची नोंदणी जिथे झाली ते राज्य. नियम सोपा आणि राबवायला सोयीचा, म्हणून तो निवडला गेला. आजही अमेरिकेत कुणाचा न वटवलेला लाभांश कोणत्या राज्याच्या तिजोरीत जाईल, हे मुख्यतः याच नियमाने ठरते. पुणे, न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया असे बिऱ्हाड हलवत आलेल्या आपल्यासारख्या मंडळींनी हा निकाल लक्षात ठेवावा असा आहे.

मात्र राज्याला हे पैसे कोणत्या नात्याने मिळतात, हा त्याहून मोठा प्रश्न. इंग्लंडच्या सरंजामी काळात बेवारस माणसाची जमीन त्याच्या धन्याकडे परत जाई. तीच कल्पना पुढे पैसा आणि शेअर यांना लावली गेली. 'बेवारशी माल सरकारजमा' हे आपल्याकडचे सूत्रही त्याच जातीचे. यात सरकार वारस असते. एकदा घेतले की संपले. १९५१ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या खटल्यात न घेतलेले शेअर आणि लाभांश ताब्यात घेण्याचा न्यू जर्सीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला होता. पण १९५४ मध्ये सर्व राज्यांसाठी जो नमुना कायदा तयार झाला, त्यात भूमिका बदलली. राज्याने पैसा सांभाळायचा आणि मालक किंवा त्याचा वारस आला की त्याला द्यायचा. वारसाच्या जागी विश्वस्त आला.

हाच प्रश्न त्या सुमारास मुंबईतही उभा राहिला, तो मात्र गिरणी कामगारांच्या पगारावरून. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांनी न नेलेले वेतन गिरणीकडे साचत असे. कुणी काम सोडून गावी गेला, कुणी मरण पावला, कुणाला आपले काही येणे राहिले आहे याची कल्पनाच नव्हती. हे पैसे कल्याण मंडळाकडे द्यावेत असे कायद्याने सांगितले. बॉम्बे डाइंग कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९५७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न नेलेल्या वेतनाविषयीची तरतूद रद्द ठरवली.

निकालाचे तर्कशास्त्र वाचण्यासारखे आहे. मुदत टळली म्हणून देणे नाहीसे होत नाही, फक्त ते कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेतले कायदेही न्यायालयाने तपासले. तिकडे हक्कदाराला नोटीस मिळते, पैसा खरोखर बेवारस आहे का याची चौकशी होते आणि पैसे भरणाऱ्याची त्या देण्यातून सुटका होते. मुंबईच्या कायद्यात ही व्यवस्था नव्हती. पुढे १९६१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नोटिसा प्रसिद्ध करून मागण्या मागवण्याची तरतूद आली. दुसऱ्याचा पैसा हाती घ्यायचा तर आधी त्याला जाहीरपणे हाक मारली पाहिजे, हे तत्त्व त्या कामगारांच्या पगाराच्या निमित्ताने आपल्याकडे रुजले.

शेअरच्या लाभांशाची पाळी आली १९७४ मध्ये. कंपनी कायद्यात २०५-अ हे कलम घालण्यात आले. न दिला गेलेला लाभांश कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि तीन वर्षांत तो कुणी नेला नाही तर केंद्र सरकारच्या महसुलात जमा करायचा. तरी हक्क शाबूत होता. १९७८ च्या नियमांप्रमाणे अर्ज करून तो परत मागता येत असे.

नेमक्या याच काळात शेअर मराठी मध्यमवर्गीयांच्या घरात शिरले. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला आणि त्यांचे शेअर सरकारने ठरवलेल्या बेताच्या भावात बाजारात आले. १९७७ मध्ये रिलायन्सची विक्री झाली. बँकेतल्या, शाळेतल्या, सरकारी कचेरीतल्या नोकरदारांनी दहा, वीस, पन्नास शेअरांसाठी अर्ज भरले. एक अर्ज स्वतःच्या नावे, एक पत्नीच्या, एक अविवाहित मुलीच्या. सर्टिफिकिटे कपाटात गेली. वर्षाला एकदा टपालाने डिव्हिडंड वॉरंट यायचे, सत्तावीस रुपयांचे किंवा बेचाळीस रुपयांचे.

त्यानंतर मुलगी लग्न होऊन आडनाव बदलून अमेरिकेला गेली. चाळीतली खोली विकून वडील डोंबिवलीला किंवा कोथरूडला राहायला गेले. जुन्या पत्त्यावर गेलेली वॉरंटे परत कंपनीकडे आली. वीस शेअर मात्र बोनस आणि विभाजन होत होत कित्येक पटींनी वाढत राहिले. पैसा जागेवर होता. त्याच्यापर्यंत पोहोचणारा दुवा तुटला होता. आमच्या संगणकाच्या धंद्यात हे रोज घडते. माहिती असते, पण तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद चुकीची असते.

१९९९ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. ऑक्टोबर १९९८ पासून लागू धरलेल्या २०५-क कलमाने 'गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी' म्हणजे आयईपीएफ आणला. तो १ ऑक्टोबर २००१ रोजी प्रत्यक्षात स्थापन झाला. तीन वर्षांची मुदत सात झाली, हे चांगलेच. पण त्याच कलमात एक स्पष्टीकरण होते : सात वर्षांनंतर पैसा निधीत गेला की त्यावर कुणाचाही दावा चालणार नाही, कंपनीविरुद्धही नाही आणि निधीविरुद्धही नाही. गुंतवणूकदाराच्या संरक्षणासाठी काढलेल्या निधीने गुंतवणूकदाराचाच हक्क संपवला होता. या कायद्याखाली विश्वस्त पुन्हा वारस झाला. त्या वर्षांत अनेक घरांत 'गेले ते गेले' म्हणून कागद फाडले गेले, आणि आजही पुष्कळ लोक त्याच समजुतीत आहेत.

ती समजूत आता खरी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२५व्या कलमाने निधीतून पैसे परत मागण्याचा हक्क दिला, आणि जुन्या कायद्याखाली आधीच जमा झालेल्या रकमांनाही तो लागू केला. ७ सप्टेंबर २०१६ पासून प्राधिकरण आणि त्याचे नियम अमलात आले. मात्र याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर आता मूळ शेअरही निधीकडे जातात. त्याआधी तीन महिने कंपनीने भागधारकाला शेवटच्या पत्त्यावर कळवायचे आणि वर्तमानपत्रांत इंग्रजीत व प्रादेशिक भाषेत सूचना द्यायची. म्हणजे मुंबईच्या कंपनीची सूचना मराठी पेपरात येते, आणि भागधारक एडिसनला बसलेला असतो.

एक दिलासा असा की निधी हे शेअर विकत नाही. ते प्राधिकरणाच्या डीमॅट खात्यात राहतात आणि दावा मंजूर झाला की शेअर म्हणूनच परत मिळतात. अमेरिकेत अनेक राज्ये असे शेअर काही काळाने विकून टाकतात आणि मालकाला फक्त विक्रीचे पैसे देतात.

हक्क परत आला तसा नवा धंदाही आला. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या नावे भारतातून एका वसुली संस्थेचे पत्र आले. 'आपली मोठी मालमत्ता आमच्या शोधात आढळली आहे' असे म्हणून कंपनीचे नाव न सांगता, येणाऱ्या किमतीचा पाचवा हिस्सा आणि सही केलेले अधिकारपत्र मागितले होते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सासऱ्यांचे नाव घालून पाहिले तेव्हा कंपनी, फोलिओ नंबर आणि रक्कम त्याच संध्याकाळी मिळाली. त्या संस्थेचा शोध तो एवढाच. २०१२ च्या नियमांपासून कंपन्यांना अशा याद्या जाहीर कराव्या लागतात, आणि अशा संस्था त्याच याद्या चाळतात. पुढचे अर्ज आम्ही घरीच भरले. अकरा महिने लागले. खर्च झाला तो मुद्रांक, नोटरी आणि कुरियरचा. अमेरिकेत या धंद्यावर बऱ्याच राज्यांनी मर्यादा घातल्या आहेत. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये शोधणाऱ्याला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

स्वतः करायचे तर क्रम असा. लाभांश न घेऊन सात वर्षे झाली नसतील तर पैसे अजून कंपनीकडेच आहेत. कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारला लिहून पॅन, पत्ता, बँकखाते आणि सही यांची नोंद अद्ययावत केली की काम होते. १ एप्रिल २०२४ पासून कागदी सर्टिफिकिटांवरचा लाभांश ही माहिती पुरी असल्याशिवाय दिला जात नाही आणि तो थेट बँकेतच जमा होतो, त्यामुळे वॉरंटची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सात वर्षे उलटली असतील तर आधी कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यावे आणि मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा. त्याला सरकारी शुल्क नाही. अर्जाची छापील प्रत, हमीपत्र, आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकिटे आणि रद्द केलेला चेक कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा. नियमाप्रमाणे कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय करायचा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच जपून ठेवावी. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, तेव्हा सगळे लाभांश आणि शेअर एकाच अर्जात घालावेत.

परदेशस्थांसाठी तीन गोष्टी. आधारऐवजी पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाची प्रत चालते, पण साक्षांकन भारतीय वकिलातीचे हवे की नोटरी आणि अपॉस्टिल पुरेल, हे रजिस्ट्रारला आधी लेखी विचारावे. शेअर परत घ्यायला भारतात डीमॅट खाते लागते, ते अनिवासी म्हणून उघडावे. आणि माहेरच्या नावाने घेतलेल्या शेअरांसाठी विवाहाचा दाखला शोधून ठेवावा. दावे अडतात ते बहुतेक नावातल्या आणि सहीतल्या फरकामुळे. मूळ भागधारक हयात नसेल तर आधी शेअर वारसाच्या नावे करण्याचे कागद लागतात. वारसांत वाद असेल तर वकील जरूर करावा, पण त्याला कामाची फी द्यावी, हिस्सा नव्हे.

अमेरिकेतल्या पैशासाठी आपण जिथे जिथे राहिलो त्या प्रत्येक राज्याच्या तिजोरीचे संकेतस्थळ विनामूल्य पाहता येते. डेलावेअरही पाहावे, कारण पुष्कळ कंपन्या तिथे नोंदलेल्या आहेत आणि पत्ता नसलेल्यांचा पैसा नोंदणीच्या राज्यात जातो, हे १९६५ च्या निकालातच ठरले आहे.

१ जून २०२५ रोजी प्राधिकरणाने पुण्यात 'निवेशक शिबिर' भरवले आणि लोकांना समोरासमोर बसवून मोफत मदत केली. न नेलेल्या पगारासाठी १९६१ मध्ये जी जाहीर हाक कायद्यात आली, तिचेच हे आजचे रूप. पण ही हाक तिथे राहणाऱ्यांना ऐकू जाते. आपल्याला ती मुद्दाम ऐकावी लागेल. पुढच्या भारतभेटीत आईवडिलांबरोबर बसून कपाटातल्या सर्टिफिकिटांची एक यादी करावी : कंपनी, फोलिओ, कुणाकुणाची नावे, नोंदलेला पत्ता. कंपन्यांची नावे बदललेली असतील, काही विलीन झाल्या असतील. ते सांगू शकणारी माणसे आज आहेत. सात वर्षांतून एकदा जरी लाभांश घेतला तरी शेअर निधीकडे जात नाहीत, एवढे एक कलम घरातल्या सर्वांना समजावून ठेवले तर पुढच्या पिढीला हा अर्ज भरावाच लागणार नाही.