एक संगणक म्हणजे काय? ॲक्टिव्हेशन आणि व्हर्च्युअल मशीनचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकलं, पैसे मोजून घेतलेली प्रॉडक्ट की दिली, ॲक्टिव्हेशन झालं. काही दिवसांनी तेच मशीन उघडलं तर पुन्हा संदेश हजर: ॲक्टिव्हेट करा. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. आपण म्हणतो, काहीतरी बिघडलंय. पण इतिहास पाहिला तर दिसतं की बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं. 'एक संगणक' म्हणजे काय, याची दोन वेगवेगळी उत्तरं तिथे समोरासमोर आलेली असतात.

सुरुवात मेनफ्रेमपासून करू. एकाच यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालवण्याची कल्पना १९६० च्या दशकातली. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा ती बाजारात स्थिरावली. त्याच्या थोडं आधी, १९६९ मध्ये, याच आयबीएमने आणखी एक मोठा निर्णय जाहीर केला होता: सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावायची. तोवर सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच यायचं. आता ते स्वतंत्र विकलं जाऊ लागलं, म्हणजे ते किती यंत्रांवर चालतंय हे मोजणं आलंच. मोजणी आणि आभासी यंत्र, दोन्ही गोष्टी साधारण एकाच काळातल्या. पण मेनफ्रेमची गिऱ्हाइकं मोजकी होती, करार समोरासमोर बसून व्हायचे. त्यामुळे भांडण पेटलं नाही.

घरगुती संगणक आले आणि चित्र पालटलं. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहिलं. तक्रार सरळ होती: आमचं बेसिक तुम्ही वापरता, पण विकत घेत नाही. या तक्रारीचं यांत्रिक उत्तर यायला पुढे पंचवीस वर्षं लागली. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, ते ॲक्टिव्हेशन घेऊनच. मुदत तीस दिवसांची.

आता हे चालायचं कसं, ते बघा. विंडोज संगणकातले दहा घटक तपासायचं: प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्डाचा पत्ता वगैरे. त्यावरून यंत्राची एक सांकेतिक ओळख बनायची. एखादा भाग बदलला तर चालून जायचं. नेटवर्क कार्ड तेच असेल तर आणखी थोडी सूट. बदल फार झाले, की विंडोज म्हणणार, हा संगणक तो नव्हेच. तेव्हा लोक इतके वैतागले, की २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये अशा वेळी तीन दिवसांची सवलत द्यावी लागली.

या सगळ्यामागे एक गृहीत होतं: संगणक ही वस्तू आहे. टेबलावर ठेवलेली, जड, एकच. पण व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन १९९९ मध्येच आलं होतं, आणि त्यातला संगणक म्हणजे डिस्कवरच्या काही फाइली. फाइल काय, कॉपी करता येते, दुसरीकडे हलवता येते, कालच्या स्थितीला मागे नेता येते. म्हणून व्हीएमवेअर आपल्याला विचारतं, हे मशीन तुम्ही हलवलंत की कॉपी केलंत? 'कॉपी केलं' म्हटलं, की ते नवी ओळख देतं आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलतं. एक साधं बटण, पण आतल्या विंडोजच्या लेखी मशीनच बदललं.

याचं सर्वात बोलकं उदाहरण २००६ चं. ॲपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि बूट कॅम्पमुळे मॅकवर थेट विंडोज चालू लागलं. त्याच वर्षी पॅरलल्स आलं. काही काळात बूट कॅम्पमधलं तेच विंडोज मॅकच्या खिडकीतही उघडता येऊ लागलं. लॅपटॉप एक, डिस्क एक, मालक एक, विंडोज एक. तरी थेट सुरू केलं तर खरं हार्डवेअर दिसायचं, खिडकीत उघडलं तर आभासी. आज इथे ॲक्टिव्हेट करा, उद्या तिथे. प्रामाणिकपणे पैसे भरलेला माणूसच संशयित ठरला.

कंपन्यांसाठी व्हिस्टाबरोबर केएमएस आलं. आपल्याच नेटवर्कवरचा सर्व्हर ॲक्टिव्हेशन देणार, पण किमान पंचवीस संगणक मोजले गेल्यावर, आणि तेही १८० दिवसांपुरतं. गंमत अशी की सुरुवातीला या मोजणीत व्हर्च्युअल मशीन धरलंच जात नव्हतं! २००९ मध्ये, विंडोज ७ च्या वेळी, ते धरलं जाऊ लागलं. तरी एक मशीन तयार करून त्याच्या तीस प्रती काढल्या आणि सिसप्रेपने जुनी ओळख पुसली नाही, तर सर्व्हरला तीसही एकच वाटतात. मॅकवर एकाचे दोन झाले होते, इथे तिसाचा एक होतो. २०१३ मध्ये विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ने वेगळी वाट धरली: यजमान सर्व्हरची डेटासेंटर आवृत्ती ॲक्टिव्हेट असेल, तर त्याच्या हायपर-व्हीवर चालणारी सर्व्हरची पाहुणी मशीनं त्याच्याच भरवशावर ॲक्टिव्हेट होतात.

मग आपल्यासमोर हा प्रश्न आला तर करायचं काय? नवी प्रॉडक्ट की शोधण्याआधी, ओळख कुठे बदलली ते शोधा. मशीन कॉपी झालं का? नेटवर्कचा पत्ता दरवेळी नवा तयार होतोय का? ॲक्टिव्हेशनच्या आधीच्या स्नॅपशॉटवर तर परत गेला नाहीत ना? व्हीएमवेअरमधून व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेलं का? तसं केलं तर जवळजवळ सगळं हार्डवेअरच बदलतं. म्हणून आधी मशीनची मेमरी, नेटवर्क ठरवून घ्या, मग ॲक्टिव्हेट करा, आणि स्नॅपशॉट त्यानंतर घ्या. परवाना त्या आभासी मशीनला लागू आहे ना, हेही तपासा.

शेवटचा मुद्दा. २०१६ पासून विंडोज १० चा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. हार्डवेअर बदललं तर खात्यात शिरून सांगायचं, मशीन माझंच आहे. सोय झाली, नाही असं नाही. पण यंत्र एक की दोन हे ठरवता येईना, तेव्हा जामीन म्हणून माणूस उभा करावा लागला. आधी नेटवर्क कार्डाची ओळख पुरायची, आता आपली लागते. ही किंमत प्रॉडक्ट कीच्या पावतीवर छापलेली नसते. तिचा विचार मात्र आपण करायला हवा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.