टपावरील तंबूसाठीचे कॅरिअर

टपावरील तंबूसाठीचे कॅरिअर म्हणजे मोटारगाडीच्या छतावर बसवलेली अशी चौकट, जी प्रवासात घडी घातलेला तंबू वाहून नेते आणि मुक्कामी तो उघडल्यावर आत झोपणाऱ्या माणसांचाही भार पेलते. यास रूफ रॅक असेही म्हणतात. सामानाचे कॅरिअर आणि हे कॅरिअर दिसायला सारखेच असले, तरी त्यांचे काम वेगळे आहे. सामान मुक्कामी उतरवले जाते, तंबू मात्र सहलीच्या आरंभापासून अखेरपर्यंत टपावरच राहतो. कॅरिअर निवडताना त्याच्या दणकटपणापेक्षा गाडी उत्पादकाने छतासाठी ठरवलेली भारमर्यादा अधिक निर्णायक असते. व्यवहारात मात्र बहुधा तंबू आधी खरेदी केला जातो आणि ही मर्यादा नंतर पाहिली जाते.

पार्श्वभूमी

गाडीच्या छतावर सामान वाहणे महाराष्ट्राला नवे नाही. जुन्या एस.टी. गाड्यांना टपावर चढण्यासाठी मागे लोखंडी शिडी असे आणि पोती, ट्रंका व टोपल्या टपावरच्या कठड्यात बांधल्या जात. टपावर तंबू बांधून त्यात झोपण्याची पद्धत मात्र युरोपातून आली. ऑटोहोम या इटालियन उत्पादकाचा कडक कवचाचा 'मज्जोलिना' तंबू १९५८ पासूनचा आहे. पूर्व जर्मनीत ट्रॅबंटसारख्या लहानशा गाडीच्या छतावरही असे तंबू बसवले जात. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेतील लांब पल्ल्याच्या, कच्च्या रस्त्यांवरील प्रवासामुळे या तंबूंचा प्रसार वाढला. भारतातही अलीकडे स्वतःच्या गाडीने भटकंती करणाऱ्यांमध्ये ते दिसू लागले आहेत.

गतिमान भार आणि स्थिर भार

गाडी चालू असताना छतावर जास्तीत जास्त किती वजन असावे, ही मर्यादा गतिमान भार म्हणून ओळखली जाते. वाहनाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत बहुधा हाच आकडा दिलेला असतो आणि अनेक प्रवासी गाड्यांसाठी तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. गाडी उभी असताना छत जो भार पेलू शकते तो स्थिर भार. तो याच्या कितीतरी पट असतो, परंतु फार थोडे उत्पादक तो जाहीर करतात. सुबारूने आउटबॅक वाइल्डरनेस या गाडीसाठी दोन्ही आकडे दिले आहेत. त्यांनुसार गतिमान भार सुमारे १०० किलो, तर स्थिर भार सुमारे ३१८ किलो आहे.

या फरकाचे कारण गाडीच्या हालचालीत आहे. उभ्या गाडीत वजन सरळ खाली दाबते आणि ते छताच्या कडांवरून खांबांमध्ये उतरते. हे खांब गाडी उलटल्यास आतील माणसांचे रक्षण करण्यासाठी मजबूत केलेले असतात. अमेरिकेच्या २००९ च्या सुधारित नियमानुसार हलक्या गाड्यांच्या छताने गाडीच्या रिकाम्या वजनाच्या तिप्पट दाब सोसणे आवश्यक आहे. चालत्या गाडीत मात्र तेच वजन पुढे, मागे व बाजूला खेचत असते. ६० किलोंचा तंबू जोराचा ब्रेक लागताच सुमारे ४८ किलोंच्या ओढीने पुढे जाऊ पाहतो, आणि ही ओढ कॅरिअरच्या चार पायांनी व त्यांखालच्या पकडींनी सोसायची असते. खड्ड्यात आदळल्यावर खाली बसणारा दाब क्षणभर प्रत्यक्ष वजनाच्या दुप्पटही होऊ शकतो. याशिवाय टपावरील वजनामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी अधिक कलते. म्हणजे छताचा पत्रा किती जाड आहे, एवढ्यावरून ही मर्यादा ठरत नाही.

कच्च्या रस्त्यासाठी मर्यादा आणखी खाली येते. काही कॅरिअर उत्पादक अशा वापरासाठी मूळ आकड्याला १.५ ने भागण्यास सांगतात. त्या हिशेबाने ७५ किलोंची मर्यादा ५० किलोंवर येते आणि बाजारातील बहुतेक तंबू तिच्यात बसत नाहीत.

वजनाचा हिशेब

गाडी, कॅरिअरच्या दांड्या आणि त्यांचे पाय या तिन्हींच्या मर्यादा स्वतंत्र असतात. त्यांतील सर्वांत लहान आकडा खरा मानावा लागतो. दांड्यांवर १०० किलो लिहिलेले असले आणि गाडीच्या पुस्तिकेत ७५ असले, तर मर्यादा ७५ किलोंचीच राहते. कॅरिअरचे स्वतःचे वजनही याच ७५ किलोंत मोजले जाते, आणि नेमका हाच भाग हिशेबातून सुटतो.

उदाहरणार्थ, मर्यादा ७५ किलो आणि तंबू ५८ किलोंचा आहे. पायांसह दोन ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे वजन ७ किलो धरल्यास एकूण ६५ किलो होतात व १० किलो शिल्लक उरतात. त्यांत तंबूत गुंडाळलेले अंथरूण-पांघरूण व शिडी जाते. तंबूच्या जाहीर वजनात शिडी धरली आहे की नाही, हे पाहून घ्यावे लागते. दांड्यांऐवजी २५ किलोंची सपाट चौकट घेतल्यास बेरीज ८३ होते आणि गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे दिसायला अधिक भक्कम असलेले कॅरिअर येथे अधिक धोक्याचे ठरते. सह्याद्रीत पावसाळ्यात कॅनव्हासचा तंबू ओला असतानाच गुंडाळावा लागला, तर त्याचे वजन काही किलोंनी वाढते. त्यासाठी आधीच जागा सोडलेली बरी.

रात्रीचा हिशेब वेगळा आहे. वरील ६५ किलोंत दोन प्रौढांचे १४० व अंथरुणाचे ८ किलो मिळवले, तर २१३ किलो होतात. हा स्थिर भार असल्याने ७५ शी त्याची तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. मात्र कॅरिअरच्या उत्पादकाने तंबूसाठी वापरास संमती दिलेली असणे आवश्यक आहे. उलगडून बाहेर येणाऱ्या तंबूत अर्धी जमीन गाडीबाहेर असते व तिचा भार शिडीवाटे थेट जमिनीवर जातो. शिडी अधांतरी किंवा भुसभुशीत मातीत राहिल्यास तोच भार एका बाजूच्या पायांवर येतो.

पकडीचे प्रकार

छताच्या दोन्ही कडांना पन्हळ असलेल्या गाड्यांत कॅरिअरचे पाय त्या पन्हळीला पकडतात. जुन्या जीप व व्हॅनमध्ये ही रचना सर्रास असे. येथे पायांची संख्या चारावरून सहा किंवा आठ करता येते, त्यामुळे भार विभागला जातो. परंतु त्यामुळे वाहनाची मर्यादा वाढत नाही. सुझुकी जिम्नी हे याचे ठळक उदाहरण आहे. भारतात २०२३ पासून पाच दारांच्या रूपात मिळालेल्या या गाडीला पन्हळ आहे, खालची सांगाडा-चौकटही मजबूत आहे, आणि ती भटकंतीसाठीच घेतली जाते. तरीही ऑस्ट्रेलियातील जिम्नीसाठी छताची मर्यादा अवघी ३० किलो दिलेली आहे. दोन माणसांचा नेहमीचा तंबू एकटाच याहून जड असतो. खालची चौकट कितीही भक्कम असली, तरी तिचा छताशी थेट संबंध नसतो.

छतापासून उंच असलेल्या लांब रेलवर दांड्या बसवणे सर्वांत सोपे असते. मात्र काही गाड्यांच्या रेल केवळ शोभेच्या असतात. त्या खऱ्या की दिखाऊ, हे पुस्तिकेतच पाहावे. हाताने हलवून त्याचा निर्णय होत नाही. छताला चिकटलेल्या रेलसाठी आणि छतात दडवलेल्या कारखानी छिद्रांसाठी त्या त्या मॉडेलचा स्वतंत्र संच लागतो. यांपैकी काहीच नसल्यास दाराच्या चौकटीत अडकणाऱ्या पकडी वापरतात, पण तंबूसाठी हा सर्वांत दुबळा पर्याय होय. काढता येणारे फायबरचे किंवा कापडी छत असलेल्या गाड्यांत भार छताऐवजी आतील नळ्यांच्या पिंजऱ्यावर किंवा बाहेरच्या स्वतंत्र सांगाड्यावर द्यावा लागतो.

दांड्या आणि जागा

तंबूच्या तळाशी दोन लांब पट्ट्या असतात आणि त्या दांड्यांना पकडींनी आवळल्या जातात. विमानाच्या पंखासारख्या रुंद दांड्या वाऱ्याचा आवाज कमी करतात, परंतु तंबूसोबत आलेली पकड त्यांच्याभोवती बसेलच असे नाही. दोन दांड्यांमधील किमान अंतर तंबूच्या उत्पादकाने दिलेले असते आणि लहान छताच्या गाड्यांत ते साधत नाही. तंबू व छत यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा नसल्यास नटबोल्ट आवळणे अशक्य होते. मागचे दार वर उघडणारे असेल, तर ते तंबूला आपटते का, हे तंबू विकत घेण्यापूर्वी मोजावे. अँटेना व काचेचे सरकते छत यांचीही अडचण होते. गाडीची उंची वाढल्याने इमारतींच्या तळघरातील वाहनतळात शिरताना अंदाज चुकण्याची शक्यता असते.

देखभाल

पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर सर्व नटबोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण रबरी गाद्या दबून पकड सैल होते. यासाठी दिलेल्या मापाचा टॉर्क पाना वापरतात. अंदाजाने अतिरेकी आवळल्यास ॲल्युमिनियमची खाच फाटते. कोकणातील खाऱ्या हवेत साध्या लोखंडी बोल्टांना लवकर गंज चढतो. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट टिकतात, पण ॲल्युमिनियमशी त्यांचा थेट व ओलसर संपर्क राहिल्यास ॲल्युमिनियमच झिजू लागते. त्यामुळे आट्यांना वंगण लावले जाते.

कायदेशीर बाजू

छतावरील सामान-वाहकांच्या चाचणीसाठी आयएसओ ११১५४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. उत्पादकाची मर्यादा ओलांडून भार घातल्यास हमी व विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.